घरात पाणी कुठे मुरतंय? जुन्या घराचा पाया दुरुस्त करायचा क्रम

(ज्यांना लोकलमध्ये नाहीतर ऑफिसात ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेलं 'अं... म्हणजे...' तेवढं गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आजचा विषय मे महिन्यात नाहीतर गणपतीला कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. गावचं घर. जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, आजोबांनी किंवा पणजोबांनी बांधलेलं. आणि कुलूप उघडून आत शिरल्या शिरल्या दिसणारं ते नेहमीचं दृश्य. माजघराच्या भिंतीला खालून तीन फुटांपर्यंत ओल, रंगाचे पोपडे, जमिनीवर पांढरी भुकटी, आणि कोपऱ्यात एक तिरकी भेग, जी गेल्या वर्षीपेक्षा जरा मोठी वाटते.

मग संध्याकाळी ओटीवर चर्चा सुरू होते. एक काका म्हणतात, "पाडा आता, स्लॅबचं बांधू." गावातला कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारू, वर वॉटरप्रूफिंगचा रंग देऊ, वीस वर्षं बघायला नको." आणि पैसे कोणी द्यायचे? तर मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या तुमच्या-माझ्या पिढीने. म्हणून हा भाग.

या चर्चेत एक प्रश्न कोणी विचारतच नाही. हे घर सत्तर-ऐंशी पावसाळे नीट उभं होतं ना? मग आत्ताच काय झालं?

आजच्या भागात सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. जुन्या घराचा पाया नुसता म्हातारा झाला म्हणून सहसा खचत नाही. बहुतेक वेळा घराभोवतीची पाण्याची वाट बदललेली असते. ती वाट आधी सरळ केली नाही, तर पायावर केलेला खर्च पाण्यात जातो. अक्षरशः.

[०२:१०] आधी थोडा हिशेब

कोकण किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कुठे थोडा कमी, कुठे बराच जास्त. आता एक सोपं गणित लक्षात ठेवा: एक चौरस मीटर जागेवर १ मिमी पाऊस पडला, की १ लिटर पाणी झालं.

समजा तुमच्या घराचं छप्पर वरून बघितल्यावर १००० चौरस फुटांचं आहे. म्हणजे जवळजवळ ९३ चौरस मीटर. गुणिले ३०००. झाले पावणेतीन लाख लिटरहून जास्त! दहा हजार लिटरचे २७-२८ टँकर, आणि तेही प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढं सगळं पाणी पागोळ्यांमधून घराच्या चारी बाजूंना खाली पडतं.

जुन्या गवंड्यांना हे कळत होतं. म्हणून जोतं उंच असायचं. म्हणून छपराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे यायची, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या. म्हणून घराभोवती जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार असायचा आणि पाणी चरातून परसात, आगरात निघून जायचं. पायात पाणी अजिबात जात नव्हतं असं नाही. पण जेवढं जायचं, तेवढं पावसाळ्यानंतर बाहेर पडायलाही वाट होती.

[०४:३०] गेल्या दहा-पंधरा वर्षांत काय बदललं?

तुमच्या घरी गेल्यावर आई-बाबांना, आजीला हाच प्रश्न विचारा. आणि वही काढून लिहा. उत्तरं बहुधा यातलीच असतील:

- अंगणात कोबा केला किंवा पेव्हर ब्लॉक बसवले, आणि त्याचा उतार नकळत घराकडे आला.
- समोरचा रस्ता दर डांबरीकरणात थोडा थोडा वर आला. आता तो अंगणापेक्षा उंच आहे.
- कौलं काढून पत्रे घातले. पत्र्यावरून पाणी जोरात येतं, पण पन्हळ लावलीच नाही. किंवा लावली आणि तिचं तोंड भिंतीच्या मुळाशीच सोडलं.
- घराला चिकटून संडास-बाथरूम बांधलं. त्याचा पाइप जमिनीखाली कुठेतरी गळतोय. शोषखड्डा घराच्या अगदी जवळ आहे.
- सारवणाची जमीन काढून फरश्या बसवल्या.
- शेजाऱ्यांनी कुंपणाची भिंत घातली आणि पाणी जायचा जुना चर बंद झाला.

फरश्यांचं वाचून आश्चर्य वाटलं असेल. सारवलेल्या जमिनीतून खालचा दमटपणा हळूहळू हवेत उडून जायचा. फरशीने ती वाट बंद केली. मग ती ओल कडेला सरकते आणि भिंतीतून वर चढते. म्हणजे "फरशी घातल्यापासून भिंतींना ओल यायला लागली" असं आजी म्हणत असेल, तर तिला गप्प करू नका. तिचं निरीक्षण बरोबर असू शकतं.

[०६:५०] पाणी पायाचं नेमकं काय करतं?

तीन गोष्टी.

पहिली, पायाखालची माती. कोकणात वर जांभ्याचा कडक थर असतो, पण त्याच्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ, चिकण मातीचा थर सापडतो. तो भिजला की त्याची वजन पेलायची ताकद कमी होते. आणि पाणी एकाच वाटेने सतत वाहत राहिलं, तर मातीचे बारीक कण सोबत घेऊन जातं. खाली पोकळी तयार होते. वर घर जसंच्या तसं दिसतं, मग एका पावसाळ्यात कोपरा बसतो.

घाटावरच्या श्रोत्यांसाठी: तुमच्याकडे काळी माती असेल तर खेळ वेगळा आहे. काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा बघितल्यात ना? तीच माती पायाखाली असते. घराच्या एका बाजूला पाणी गळतंय आणि दुसरी बाजू कोरडी आहे, तर एक बाजू वर उचलली जाते, दुसरी बसते. मधे भिंत फाटते.

दुसरी गोष्ट, दगडांमधला माल. जुन्या पायात चिरे किंवा दगड मातीत नाहीतर चुन्यात बसवलेले असतात. मातीचा माल सतत ओला राहिला तर विरघळून निघून जातो. दोन बाजूंना दगड आणि मधे माती-कपचे अशी जाड भिंत असेल, तर आतला भराव खाली बसतो आणि भिंत बाहेर फुगते. गवंडी म्हणतात, "भिंतीला पोट सुटलं." हे पोट मात्र हसण्यावारी नेऊ नका.

तिसरी गोष्ट, वर चढणारी ओल. आपल्याकडे म्हण आहे, वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही. छपरावर खरं आहे. पण भिंतीच्या आत पाणी खरोखरच वर चढतं! जांभा सच्छिद्र दगड. त्याच्या बारीक छिद्रांमधून पाणी तसंच वर येतं, जसं चहात बुडवलेल्या बिस्किटात चहा चढतो. येताना जमिनीतले क्षार घेऊन येतं. भिंतीच्या पृष्ठभागाशी पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक होतात. स्फटिक वाढताना छिद्रांच्या आत दाब देतात आणि दगडाची, प्लास्टरची भुकटी पाडतात. जमिनीवरची ती पांढरी भुकटी तीच. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हा.

[०९:४०] मग सिमेंटने बिघडतं काय?

सिमेंट वाईट नाही. चुकीच्या जागी चुकीचं आहे.

जांभ्याची आणि चुन्या-मातीची भिंत श्वास घेते, म्हणजे आत आलेली ओल बाहेर टाकते. तिच्यावर घट्ट सिमेंट प्लास्टर आणि त्यावर वॉटरप्रूफ रंग लावला की भिंतीला रेनकोट घातला. पण पाणी येतंय खालून! रेनकोटच्या आत. बाहेर पडायला जागा नाही, म्हणून ते आणखी वर चढतं. आधी तीन फुटांवर असलेली ओल आता पाच फुटांवर दिसते. वर्ष-दोन वर्षांत प्लास्टर फुगतं, आणि सुटताना दगडाचा पापुद्रा सोबत घेऊन येतं.

दुसरं म्हणजे, सिमेंट कडक आहे आणि जुनी भिंत थोडी लवचीक. घर थोडं हललं की चुन्याचा सांधा ते सोसतो. सिमेंटचा सांधा सोसत नाही, मग शेजारचा दगडच तडकतो.

म्हणून प्लास्टर आणि रंग हे शेवटचं काम आहे. आपल्याकडे सुरुवात तिथून होते, कारण ते दिसतं आणि त्याचं बिल लगेच करता येतं.

[११:३०] फोन काढा: तपासणी तुम्हीच सुरू करू शकता

इंजिनिअर बोलवायचाच आहे. पण त्याच्या हातात माहिती दिलीत तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतील.

पावसात व्हिडिओ करा. जोरदार सर चालू असताना छत्री घेऊन घराभोवती एक पूर्ण फेरी मारा. पागोळ्या कुठे पडतात, पाणी कुठे साचतं, कुठून कुठे वाहतं, पन्हळ कुठे तुंबली आहे, सगळं शूट करा. उन्हाळ्यात आलेल्या माणसाला हे कधीच दिसणार नाही.

भेगांवर तारीख टाका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा, बाजूला तारीख लिहा, शेजारी पट्टी धरून फोटो काढा. गावी कोणी राहत असेल तर त्यांना दर महिन्याला तोच फोटो पाठवायला सांगा. केसासारखी, न वाढणारी भेग बहुधा चिंतेची नसते. साधारण ५ मिमीपेक्षा रुंद, किंवा दर महिन्याला वाढणारी भेग इंजिनिअरला दाखवायलाच हवी. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघालेली, पायऱ्यांसारखी तिरकी आणि वरच्या बाजूला जास्त रुंद असलेली भेग बऱ्याचदा सांगते की घराचा तो कोपरा खाली बसतोय.

ओल खालून की हवेतून? भिंतीच्या ओल्या भागावर फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. एक-दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडे असतील तर ओल भिंतीतून येतेय. खोलीच्या बाजूने असतील तर ती हवेतल्या दमटपणाची.

पाइप तपासा. न्हाणीत आणि संडासात रंगीत पाणी ओता. बाहेर भिंतीच्या मुळाशी किंवा चरात रंग दिसला, तर चोर सापडला. भर उन्हाळ्यातही एकच कोपरा ओला असेल, तर पावसाला दोष देण्याआधी पाइप बघा.

लाकूड टोचून बघा. खांब ज्या दगडावर उभा असतो त्या तळखड्याजवळ स्क्रू-ड्रायव्हर हलक्या हाताने टोचा. सहज आत गेला तर खांबाचं टोक कुजलंय किंवा वाळवी लागलीय. मग भिंतीआधी खांबाची काळजी.

एक काम मात्र स्वतः करू नका: पायाशी खणणं. इंजिनिअरला पाया किती खोल आहे आणि कशावर बसलाय हे बघायला छोटा चाचणी खड्डा लागेल. तो कोपरा सोडून, कोरड्या दिवसांत, जाणकार माणसासमोरच घ्यायचा.

[१५:२०] दुरुस्तीचा क्रम

आता मुद्द्याचं. क्रम असा: पाणी, मग वाट बघणं, मग पाया, मग भिंत, शेवटी रंग.

पहिला टप्पा: पाणी बाहेर काढा. छपराला पन्हळ लावा आणि तिचं पाणी पाइपने घरापासून लांब सोडा. पागोळ्या पडतात तिथली आणि घराभोवतालची पहिली सहा-सात फूट जमीन बाहेरच्या बाजूला उतरती करा. दहा फुटांना सहा इंच उतार म्हणजे छान. गळके पाइप बदला. शोषखड्डा लांब न्या. भिंतीला टेकलेले मातीचे, रेतीचे, लाकडांचे ढीग हलवा.

वरच्या बाजूने, डोंगराकडून पाणी झिरपत असेल तर खडीचा चर काढतात. भिंतीपासून चार-पाच फुटांवर चर खणायचा, तळाला उतार द्यायचा, झिरपणाऱ्या पाण्यासाठी भोकं असलेला पाइप घालायचा, भोवती खडी भरायची आणि खडीत माती शिरू नये म्हणून गाळणीसारखं जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळायचं. शंभर फुटांना एक फूट एवढा उतार पुरतो. पण लक्षात ठेवा: हा चर पायाच्या तळापेक्षा खोल नको, आणि भिंतीला चिकटून तर अजिबात नको. नाहीतर पाणी काढायला गेलात आणि पायाखालची मातीच मोकळी झाली!

दुसरा टप्पा: थांबा. हे कोणालाच आवडत नाही. पण एक पावसाळा जाऊ द्या. भेगा वाढतात का बघा. जाड भिंत सुकायला महिने लागतात. अनेक घरांत एवढ्यावरच हालचाल थांबते आणि पायाला हात लावायची गरजच उरत नाही. तेवढ्यात सिमेंटचं जुनं प्लास्टर खालच्या भागातून हळूच काढून टाकलं, तर भिंत लवकर सुकते.

तिसरा टप्पा: पाया. चुना किंवा माती निघून गेलेले सांधे खरवडून पुन्हा भरायचे. झिजलेला चिरा एकेक करून बदलायचा, शक्यतो तशाच जातीचा. भिंतीच्या आत पोकळी असेल तर पातळ चुन्याचं मिश्रण खालून वर, हळूहळू, कमी दाबाने ओततात.

इथे चुन्याबद्दल एक बारकावा. साधा पांढरा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, म्हणून जमिनीखाली ओल्या जागेत तो नीट धरत नाही. पायासाठी पाण्यातही घट्ट होणारा चुना लागतो, किंवा चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी मिसळतात. चुन्याच्या या जाती भारतीय मानक आयएस ७१२ मध्ये वेगवेगळ्या दिल्या आहेत. कोणी "चुना म्हणजे चुना" म्हणालं तर सावध व्हा.

पायाखालची माती गेली असेल तर अंडरपिनिंग करावं लागतं, म्हणजे जुन्या पायाखाली नवा पाया घालणं. हे काम इंजिनिअरच्या आराखड्याशिवाय कधीच करू नका. पद्धत समजून घ्या, म्हणजे चूक दिसली तर थांबवता येईल. आधी छपराचं आणि भिंतीचं वजन टेकू लावून पेलतात. मग भिंतीखालची जागा साधारण एक-एक मीटरच्या तुकड्यांत वाटून त्यांना आकडे देतात. एका वेळी एकच तुकडा, आणि शेजारचे दोन तुकडे कधीच लागोपाठ नाहीत. एका तुकड्याखाली खणायचं, काँक्रीट भरायचं, ते घट्ट होऊ द्यायचं, वर जुन्या पायापर्यंत राहिलेली फट जेमतेम ओलसर मालाने ठोकून भरायची. मग पुढचा तुकडा. कोणी जेसीबी आणून अख्ख्या भिंतीखाली सलग चर मारायला निघाला, तर काम तिथेच थांबवा. भिंत सलग अधांतरी राहिली की कोसळते, आणि त्या वेळी खाली माणसं असतात.

हे सगळं डिसेंबर ते मे दरम्यान. पावसाळ्यात पाया उघडायचा नाही.

चौथा टप्पा: भिंत आणि रंग. चुन्याचं प्लास्टर, वर चुन्याचाच रंग. भिंत पूर्ण सुकल्यावर.

[२०:१०] कॉन्ट्रॅक्टरला विचारायचे चार प्रश्न

एक: पाणी कुठून येतंय, मला दाखवाल का? दोन: प्लास्टरच्या आधी काय करणार? तीन: पायासाठी कुठला माल वापरणार आणि का? चार: पाया उघडताना घर कशावर पेलणार?

पहिल्याच प्रश्नाला "ते बघू नंतर" असं उत्तर आलं, तर तुम्हीही पैशांचं नंतर बघा. आणि सामायिक घर असेल तर काम सुरू करण्याआधी सगळ्या भावकीची संमती लेखी घ्या. अर्धवट उघडलेल्या पायावर भांडण सुरू झालं आणि जूनचा पाऊस आला, तर नुकसान सगळ्यांचंच.

[२१:३०] थांबायचं नाही अशी वेळ

काही खुणा दिसल्या तर हा सगळा सावकाशीचा क्रम विसरा आणि त्या खोल्या रिकाम्या करा. भेग दिवसागणिक वाढतेय. कालपर्यंत लागणारं दार आज अचानक अडकतंय. भिंतीतून कडकड आवाज येतोय, माती झडतेय. भिंतीला पोट सुटलंय आणि पाऊस चालू आहे. जड दगडमातीची भिंत पडायला एक रात्र पुरते. आजी-आजोबा तिथे एकटे राहत असतील, तर त्यांना तिथून हलवण्यासाठी फोनवर वाद घालावा लागला तरी घाला. घर नंतर दुरुस्त होईल.

आणि हो, प्रत्येक जुनं घर वाचवता येतंच असंही नाही. पाया आणि खांब दोन्ही गेले असतील, तर इंजिनिअर स्पष्ट सांगेल. पण "ओल आली, भेग पडली, म्हणजे घर संपलं" हा निर्णय ओटीवरच्या एका संध्याकाळच्या चर्चेत होऊ देऊ नका. निदान एक पावसाळाभर पाण्याची वाट बघा. दोन्ही अर्थांनी.

या वेळी गावी जाल तेव्हा पावसातली ती एक फेरी नक्की मारा आणि आई-बाबांना विचारा, गेल्या दहा वर्षांत काय बदललं. मिळालेली उत्तरं आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. त्यातले प्रश्न घेऊन पुढच्या भागात कौलारू छपराबद्दल बोलू. तोपर्यंत पन्हळीतला पाला काढून ठेवा. भेटूच!